टक् आवाज येईपर्यंत

४ फेब्रुवारी

व्यायामवाल्या बाई म्हणाल्या, रोज लिहा. काय लिहू? म्हणाल्या, काहीही. फक्त उजव्या हाताने. ओळ वाकडी गेली तरी चालेल.

गेली. पुरे.

५ फेब्रुवारी

कालचं अक्षर पाहून आधी हसू आलं, मग आलं नाही. आज पाच ओळी लिहायच्या ठरवल्या होत्या. तीन झाल्या. चौथी ही.

७ फेब्रुवारी

आज जरा जास्त लिहितो. लिहायचंच आहे तर पहिल्यापासून सांगावं, नाहीतर पुढे माझं मलाच वाचताना कळायचं नाही.

मी लिफ्टचा मेकॅनिक. ‘होतो’ असं लिहायला हवं, पण हात ‘होतो’ लिहायला तयार नाही. निवृत्त झाल्यावरही जुनी गिऱ्हाइकं बोलवायची, नव्या पोरांना घोडं कुठं पेंड खातंय ते सापडायचं नाही तेव्हा. मग काही महिन्यांपूर्वी एका सकाळी दाढी करताना हातातलं रेझर गळून पडलं आणि आरशात तोंड एका बाजूला गेलेलं दिसलं. मेंदूत रक्ताची बारीक गुठळी अडकली होती. वेळेवर दवाखाना गाठला म्हणून वाचलो. पाय सुधारला, तोंड सरळ झालं, बोलणं पूर्वीसारखं झालं. ही म्हणते, ते तेवढं थोडं कमी झालं असतं तरी चाललं असतं.

उजवा हात मात्र मागे राहिला. थरथरतो. नटबोल्ट सोडाच, चमचा तोंडापर्यंत नेताना मला आधी त्याची समजूत काढावी लागते. ज्या हाताने जन्मभर लोकांना खालीवर नेलं, तो गेला तर माझ्याकडे उरलं काय? हे मी कुणाला बोललेलो नाही. हिला तर नाहीच. हात अशक्त झाला होता हे तिला ठाऊक आहे, तो अजून थरथरतो हे ठाऊक नाही. तिच्यासमोर मी तो खिशात ठेवतो, दार डाव्या हाताने उघडतो, पेपर टेबलावर पसरून वाचतो. बाई हुशार आहे, पण अजून काही तिच्या ध्यानात आलेलं नाही.

चहा मात्र हल्ली अर्धाच कप मिळतो. डॉक्टरांनी कमी करायला सांगितलंय म्हणते. माझ्यासमोर तर डॉक्टर चहाबद्दल चकार शब्द बोलले नव्हते. बरं, कपही माझा तोच मोठा, त्यात तळाशी चहा. मागच्या आठवड्यात तिला म्हणालो, निदान कप तरी लहान दे, मनाला बरं वाटेल. म्हणाली, “मोठ्या कपाचा कान धरायला बरा असतो.”

९ फेब्रुवारी

आज घरात भांडण झालं. माझ्याशी नव्हे, लॅपटॉपशी.

ही शाळेत शिकवायची. आता अंध विद्यार्थ्यांच्या वाचनालयासाठी पुस्तकं मोठ्याने वाचून लॅपटॉपवर ध्वनिमुद्रित करते. अडगळीच्या खोलीत भिंतींना जुन्या रजया टांगल्यात, आवाज घुमू नये म्हणून. मध्ये एक स्टूल, त्यावर लॅपटॉप, समोर ही. बाहेरच्या खोलीत बसून मीही अर्धा वकील झालोय. सध्या करार कायदा चालू आहे. एकाने प्रस्ताव मांडायचा, दुसऱ्याने तो जसाच्या तसा स्वीकारायचा, की झाला करार. कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलासाठी हे चाललंय. त्याला ही वकीलच म्हणते. मार्चच्या सुरुवातीला त्याची परीक्षा.

तर लॅपटॉप. लेकीने कॉलेजात वापरून टाकलेला. हल्ली चालू व्हायला इतका वेळ घेतो की तोवर कुकरच्या शिट्ट्या होऊन जातात. आत पंखा असा घोंघावतो की ध्वनिमुद्रणात कलमांच्या मागे वादळ ऐकू येतं. आणि आज संपूर्ण प्रकरण वाचून झाल्यावर तो जागच्या जागी गोठला. बाण हलेना, बटण दबेना. बंद करून परत चालू केला तर प्रकरण गायब.

ही खोलीतून बाहेर आली, पाणी प्यायली आणि म्हणाली, “अहो, याचं काहीतरी बघा ना.”

“मी?”

“मग काय शेजाऱ्यांना सांगू?”

“दुकानात टाक.”

“दुकानातले नवीन घ्या म्हणतील. तुम्ही बघा. घाई नाही.”

परीक्षा तोंडावर आलीय आणि ही म्हणते घाई नाही. मी हो म्हटलं. म्हणजे प्रस्ताव स्वीकारला. मग लक्षात आलं, की लॅपटॉपचे स्क्रू तांदळाच्या कणीएवढे असतात. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.

१० फेब्रुवारी

यंत्र कोणतंही असो, आधी हातोडी नाही, आधी कान. हे माझ्या उस्तादांचं. दिवसभर लॅपटॉपशेजारी बसून ऐकलं, हात लावून पाहिला. खालून इस्त्रीसारखा तापतो. पंख्याच्या जाळीत कापसासारखा धुळीचा थर. तो दाढीच्या ब्रशने काढला, डाव्या हाताने, त्यामुळे अर्धी धूळ माझ्या अंगावर. घोंघाट निम्म्याने कमी झाला. हिच्या तोंडून नुसतं “वा” निघालं तरी मला बढती मिळाल्यासारखं वाटलं.

गोठणं मात्र तसंच. लेकीला फोन केला. ती दुसऱ्या गावी असते, कॉम्प्युटरचंच काम करते. तिने फोनवरून एक खिडकी उघडायला लावली, त्यात आत काय काय चाललंय ते दिसतं. ध्वनिमुद्रण सुरू करताच मेमरीचा आकडा चढत चढत टोकाला जाऊन चिकटला.

हे तर मला शाळेतल्या पोरासारखं पाठ आहे. लिफ्टमध्ये जास्त माणसं चढली की ती दार उघडं ठेवून उभीच राहते, हलत नाही. यंत्रात दोष नसतो, जागा कमी असते. या लॅपटॉपची मेमरी म्हणजे तीन माणसांची लिफ्ट, आणि आपण त्यात अख्खी वरात चढवतोय. मोठी मेमरी बसवली की झालं. लेक म्हणाली, निदान बरोबर आहे.

मग म्हणाली, “पण बाबा, तुम्ही उघडू नका हं. बारीक काम आहे. त्यापेक्षा मी नवा पाठवते.”

बारीक काम आहे. मला. मी फोन हिच्याकडे दिला आणि गॅलरीत गेलो. तरी हिचं बोलणं ऐकू आलंच. “नको पाठवूस. अगं, हा बिघडलाय तेच बरंय सध्या.” बिघडलेलं बरं कसं? शिक्षिकेला एवढी साधी गोष्ट कळू नये याचं नवल वाटतं.

१२ फेब्रुवारी

आज उघडला.

टेबलावर हिने पांढरी चादर अंथरली, स्क्रू ठेवायला बर्फाचा रिकामा ट्रे दिला. आणि एक लहान स्क्रूड्रायव्हर काढून दिला, टोकाला लोहचुंबक असलेला, मूठ चांगली जाड. म्हणाली, माझ्या शिवणाच्या डब्यात कित्येक वर्षं पडून होता. त्यावर दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली आणि तीही करकरीत नवी. आम्ही दोघंही आता विसरभोळे झालोय, त्यात माझ्यापेक्षा ती जास्त. पण स्क्रूड्रायव्हर झकास. स्क्रू टोकाला चिकटून राहतो, हात हलला तरी पडत नाही.

काम सुरू करायच्या आधी मी आमच्या धंद्याचा नियम पाळला. शाफ्टमध्ये उतरायचं तर मेन बंद करायचा, फ्यूज काढायचा आणि तो आपल्याच खिशात ठेवायचा. दुसऱ्या कुणाच्या नाही. म्हणजे आपण आत असताना कुणी शहाणा वरून वीज सुरू करू शकत नाही. मी लॅपटॉपची बॅटरी काढून घेतली, चार्जर गुंडाळून पायजम्याच्या खिशात कोंबला आणि जुना फलक शोधून टेबलाला लावला. ‘काम चालू आहे. वीज सुरू करू नये.’ ही हसून हसून खुर्चीत बसली. म्हणाली, “वीज तुमच्या खिशातून लोंबतेय.” हसू दे. हा नियम पाळला म्हणून मी आज दोन हातांनिशी बसलोय.

दुसराही नियम तिला सांगितला. लिफ्टच्या टपावर एक माणूस, मशीनरूममध्ये दुसरा. टपावरचा ओरडणार, “वर घे.” मशीनवरचा तेच परत ओरडणार, “वर घेतो.” आपला शब्द परत ऐकू आला तरच यंत्र हलवायचं. माझ्या जोडीदाराला सगळे भोंगा म्हणायचे, इतका मोठा आवाज. इतकी वर्षं आम्ही एकमेकांचा जीव त्या परत आलेल्या शब्दावर सोपवला. ती लक्ष देऊन ऐकत होती. शिकवायची सवय असलेली माणसं ऐकतात पण चांगलं.

मग भाजी आणायला म्हणून ती बाहेर गेली आणि बराच वेळ आलीच नाही. मला बरंच झालं. हात खिशातून काढता आला. स्क्रू निघाले, एक एक करत. घाम फुटला होता, पण निघाले. झाकण उचललं. आत सगळं शिस्तीत, हिरव्या पाटावर मांडल्यासारखं. मेमरीची पट्टी ओळखली. बोटाएवढी, दोन्ही बाजूंना बारीक चिमटे, खालच्या कडेला सोनेरी दात.

१३ फेब्रुवारी

हात दाखवून अवलक्षण. दुकानात जाऊन ऐटीत म्हणालो, लॅपटॉपची मेमरी द्या, मोठ्यातली मोठी. दुकानदार बाईंनी विचारलं, कोणत्या प्रकारची? म्हटलं, लॅपटॉपची. त्यांनी दिली. घरी येऊन पाहतो तर पट्टीच्या दातांमधली खाच एकीकडे आणि लॅपटॉपमधला खुंट दुसरीकडे. फक्त थोडासा फरक. मी रागाने जोर लावायला गेलो, आणि तेवढ्यात उस्तादांचा आवाज कानात आला. बसत नाही म्हणजे बसायचं नाही. थांबलो.

या पट्ट्यांच्या पिढ्या असतात म्हणे. नव्या पिढीची खाच जुन्या पिढीच्या खुंटाला जुळत नाही. हिला सांगितलं तर म्हणाली, “हे तर आपल्या घरातही आहे.”

१४ फेब्रुवारी

जुनी पट्टी कागदात गुंडाळून दुकानात घेऊन गेलो. बाईंनी त्यावरची चिठ्ठी वाचली आणि बरोबर पिढीची, चौपट मोठी पट्टी बदलून दिली. निघताना म्हणाल्या, “काका, हळूच बसवा हं, दात तुटले तर गेली.” 

हळूच. ठीक आहे.

ही वाचनालयातून उशिरा आली. हल्ली रोजच जाते. गप्पा मारायला मिळतात म्हणते. एवढ्या काय गप्पा मारते कोण जाणे, येते तेव्हा घसा बसलेला असतो. गरम पाण्यात मीठ घालून गुळण्या करते. मी म्हटलं, जरा कमी बोलत जा. 

१६ फेब्रुवारी

पट्टी बसवली. दात तुटणार नाहीत अशी फुलासारखी धरून जागेवर ठेवली, हळूच आडवी केली. बॅटरी लावली, बटण दाबलं.

पडदा काळा. आतून पिप्, पिप्, पिप्.

काढली, परत बसवली. काळा. पिप् पिप्. शेवटी जुनी पट्टी परत बसवली, कारण ती तर उघडायच्या आधी चालत होती. तरीही काळा.

तोंडचं पाणी पळालं. जुनीसुद्धा चालत नाही याचा अर्थ दोष पट्टीत नाही. मी आतलं काहीतरी जाळलं. किंवा माझ्या थरथरत्या हाताने स्क्रूड्रायव्हर कुठेतरी लागला आणि मला कळलंही नाही. ज्याच्या हाताला आपण कुठे लागलो हे कळत नाही, त्याने यंत्र उघडू नये. हा नियम मीच नव्या पोरांना सांगायचो.

ही आली तेव्हा सांगितलं, “चाचणी चालू आहे.” 

“चालू दे,” म्हणाली. “घाई नाही.”

१७ फेब्रुवारी

आजही काळा. चहा अर्धा. जेवण गेलं नाही.

१८ फेब्रुवारी

सकाळी वकिलाचा फोन आला. ही घरी नव्हती, मी घेतला. म्हटलं, आता हा विचारणार, पुढची प्रकरणं कुठं आहेत, आणि मी काय सांगणार?

तर तो म्हणतो, “काका, काकूंना सांगा, भागीदारीवालं प्रकरण मिळालं. काल आलेलंही मिळालं. आवाज तर आधीपेक्षा छान येतोय.”

मी हो हो म्हटलं आणि फोन ठेवला. पोराचा काहीतरी गोंधळ झालाय. लॅपटॉप माझ्या टेबलावर पोट उघडं टाकून पडलाय, काल प्रकरण जाईल कुठून? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बहुतेक जुनीच प्रकरणं परत ऐकत असेल बिचारा. परीक्षेच्या ताणाने असं होतं. हिला सांगायचंही विसरलो आणि नंतर मुद्दामच सांगितलं नाही. उगाच तिला अपराधी वाटायचं.

ठरवलं. उद्या व्यायाम झाला की परस्पर दुकानात जायचं, जे होईल ते होईल, आणि हिला खरं सांगायचं. लॅपटॉप गेला. आणि हातही गेला. दोन्ही एकदमच सांगून टाकावं, म्हणजे दोनदा नको.

१९ फेब्रुवारी

आज सगळं सविस्तर लिहिणार आहे. हात दुखला तर दुखू दे.

सकाळी व्यायामवाल्या बाईंकडे गेलो. नेहमीप्रमाणे त्यांनी तळहात समोर धरला आणि म्हणाल्या, दाबा. मी दाबला.

“अजून.”

दाबला.

“अहो, तुम्ही दाबत नाही, तुम्ही विचारताय. दाबू का, दाबू का? पूर्ण दाबा. मला काही होत नाही.”

मी पूर्ण दाबला. त्यांचा हात मागे गेला, कोपर खुर्चीच्या पाठीला टेकला. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, ताकद तर केव्हाची परत आलीय. तुम्ही हात वापरत नाही, जपताय. अर्धवट उचलून मध्येच थांबवता, म्हणून तो जास्त थरथरतो. कामाला लावा त्याला.

आणि मी तिथंच बसलो असताना मला ती पट्टी दिसली. डोळ्यांसमोर, अगदी स्वच्छ. जागेवर ठेवलेली, आडवी केलेली, आणि कडेला सोनेरी दातांची एक बारीक रेघ अजून दिसतेय. ती रेघ दिसायला नको होती. दात पूर्ण आत जायला हवे होते. दोन्ही पट्ट्या मी अशाच ठेवल्या होत्या, नवीही आणि जुनीही. हळूच. दाबू का, दाबू का विचारत. जळलं काहीच नव्हतं. पट्टी बसलीच नव्हती.

बाईंना नीट नमस्कारही न करता निघालो. दुकान वाटेत लागलं, तिकडे पाहिलंही नाही.

घरी ही होती. बाहेर निघायच्या तयारीत, हातात पाण्याची बाटली. म्हटलं, थांब, मला माणूस लागतोय. ती बाटली ठेवून आली. मी बॅटरी आणि जुनी पट्टी काढली, चार्जर खिशात टाकला, फलक टेबलावर होताच. तिच्या हातात बॅटरीचा दिवा दिला.

नवी पट्टी उचलली तेव्हा हात थरथरत होता. लपवायला जागा नव्हती, खिसा चार्जरने भरलेला. तिने उजेड पट्टीवर धरला होता, नीट पट्टीवरच, माझ्या हातावर नाही. मग मी सांगून टाकलं.

“माझा हात अजून थरथरतो.”

“हो का,” ती म्हणाली. “बसवा.”

एवढंच. इतके महिने छातीवर धोंडा घेऊन फिरलो, इतकी मोठी बातमी दिली, आणि ही म्हणते हो का. कधी कधी हिच्या थंडपणाचं मला आश्चर्य वाटतं.

पट्टी तिरकी धरली. खाच खुंटाला जुळवली. आणि दाबली. विचारत नाही बसलो. दात आत गेले, रेघ नाहीशी झाली. मग दोन्ही अंगठे कडेला ठेवून खाली दाबली. हात थरथरला, पण खाली जाताना थरथरला, मागे येताना नाही. दोन्ही चिमटे एकदम मिटले.

टक्.

लिफ्ट मजल्यावर बरोबर येऊन टेकली की दाराचं कुलूप असाच आवाज करतं. तो आवाज मी हजारो वेळा ऐकला असेल. आजच्याइतका गोड कधी लागला नाही.

बॅटरी बसवली, चार्जर खिशातून काढून लावला. बटणापाशी तिला बसवलं.

म्हटलं, “चालू कर.”

ती हसली नाही. भोंग्यासारखं मोठ्याने, स्पष्ट म्हणाली, “चालू करते.”

पिप् वाजलं नाही. पडदा थोडा वेळ काळाच राहिला. मग उजळला. जीव भांड्यात पडला म्हणतात ना, तसा पडला, आवाज करत. मी खुर्चीवर बसलो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. लॅपटॉपसाठी नव्हतं ते. तिने दिवा विझवला आणि पदराने नाक पुसलं. म्हणाली, धूळ आहे खोलीत. धूळ तर मी केव्हाच काढली होती.

आकडा पाहिला. चौपट मेमरी. ध्वनिमुद्रण लावलं, तरी अर्ध्याच्या खाली. तीन माणसांच्या लिफ्टची आता मालवाहू झालीय.

२० फेब्रुवारी

झाकणाचे स्क्रू आज बसवले. एक उरला. कुठला ते सापडत नाही. लेकीला सांगितलं तर म्हणाली, “बाबा, एक नेहमीच उरतो.” मग म्हणाली, “आई रोज फोनवर सांगायची, आज किती स्क्रू निघाले ते.” ही लेकीला इतक्या बारीकसारीक गोष्टी सांगत बसते हे मला माहीतच नव्हतं. बायकांना विषय लागतो.

हिने रजयांच्या खोलीत बसून प्रकरण वाचलं. पंखा गप्प. मी बाहेर बसून ऐकत होतो. हमीचा करार. एकाने दुसऱ्याच्या वतीने जबाबदारी घेणं. वाचून बाहेर आली, घसा ठणठणीत. वाचनालयात गेली नाही. म्हटलं, गप्पा संपल्या वाटतं? म्हणाली, “संपल्या. तिथली खोली दुसऱ्या कुणाला हवी होती.” गप्पांना खोली कशाला लागते देव जाणे.

२३ फेब्रुवारी

खालच्या मजल्यावरच्या बाईंचा लॅपटॉप गोठतो. त्यांना कुणी सांगितलं कुणास ठाऊक, पण घेऊन आल्या. माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, तुम्ही बघता म्हणे.

बघतो, म्हटलं. ‘होतो’ नाही, ‘बघतो’.

फ्यूज खिशात. फलक टेबलावर. आधी कान.

२६ फेब्रुवारी

बाईंचा लॅपटॉप झाला. आधी जुनी पट्टी काढून दुकानात नेली, मग बोललो. शहाणा माणूस एकच चूक दुसऱ्यांदा करत नाही, नवी शोधतो. या वेळी स्क्रू उरला नाही. उलट एक कमी पडला, तेव्हा आमचा उरलेला तिथे लावला. बरोबर बसला.

हात अजून थरथरतो. व्यायामवाल्या बाई म्हणतात, थोडा कायमचा राहील. राहू दे. थरथरत का होईना, काम करतो. पहिल्या दिवसाचं पान काढून पाहिलं. अक्षर अजूनही काही मोत्याचे दाणे नाहीत, पण ओळीवर आहे.

संध्याकाळी ही चहा घेऊन आली. कप माझ्यासमोर ठेवला, किटली वर धरली आणि थांबली. माझ्या हाताकडे पाहिलं. तो टेबलावरच होता, हल्ली मी तो खिशात ठेवायला विसरतो.

“पूर्ण भरू?” तिने विचारलं.

“पूर्ण भर.”

“पूर्ण भरते,” ती म्हणाली, आणि काठापर्यंत भरला.

उचलताना थोडा बशीत सांडला. तो बशीतून प्यायलो. बाकीचा कपातून, शेवटच्या घोटापर्यंत, आणि ती समोर बसून बघत होती, जणू मी एखादी परीक्षा देत होतो. डॉक्टरांनी घातलेलं चहाचं बंधन असं एकाएकी कसं उठलं, हे विचारायचं राहूनच गेलं. उद्या विचारतो.

नको, विचारत नाही. परत अर्धा व्हायचा.